तराजू संगणकाचा, वजने कोणाची?

मार्च २०१८ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील एका साक्षीने मोठी खळबळ उडवून दिली. तत्कालीन लष्कर उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी समितीसमोर सांगितले होते की, लष्कराजवळील ६८ टक्के साधनसामग्री जुनाट आहे, २४ टक्के चालू काळातील आहे आणि अत्याधुनिक म्हणावी अशी जेमतेम ८ टक्के आहे. वास्तविक हे तिन्ही हिस्से एकेक तृतीयांश असावेत, अशी अपेक्षा असते. त्याच साक्षीत पैशाचा हिशेबही होता. २०१८-१९ या वर्षासाठी आधुनिकीकरणाला २१,३३८ कोटी रुपये मिळाले होते. आधीपासून चालू असलेल्या १२५ योजनांची देणी मात्र २९,०३३ कोटींची होती. एकही नवी वस्तू न घेता लष्कर वर्षाच्या पहिल्याच दिवशी तुटीत होते.

त्यानंतरच्या वर्षांत तरतुदी वाढल्या. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी रुपये मिळाले आणि त्यांपैकी १ लाख ८० हजार कोटी भांडवली खर्चासाठी होते. परंतु पैसा वाढतो त्याच्या कितीतरी पट वेगाने मागण्यांची यादी वाढते. त्यामुळे मूळ प्रश्न तसाच राहतो : जुन्या शस्त्रांपैकी आधी कशाला हात घालायचा? कोणत्या रणगाड्याला नवे इंजिन द्यायचे, कोणत्या विमानाला नवे रडार बसवायचे, कोणती तोफ बदलायची आणि कोणती आहे तशीच निवृत्तीपर्यंत वापरायची? हा क्रम ठरविण्यासाठी जगातील अनेक देशांची संरक्षण खाती संगणकावर आधारित ‘निर्णयसाहाय्य’ प्रणालींचा आधार घेतात. या प्रणाली नेमके काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे समजून घेणे भारताच्या दृष्टीनेही अगत्याचे आहे.

जुन्या शस्त्राचे अद्ययावतीकरण हा वरकरणी स्वस्त आणि शहाणपणाचा मार्ग वाटतो. भारताकडे दोन हजारांहून अधिक टी-७२ रणगाडे आहेत. त्यांच्या ७८० अश्वशक्तीच्या इंजिनांच्या जागी १००० अश्वशक्तीची इंजिने बसविण्यासाठी मार्च २०२५ मध्ये रशियाच्या रोसोबोरोनएक्स्पोर्ट या सरकारी कंपनीशी २४.८ कोटी डॉलरचा करार झाला. त्याआधी २०१८ मध्ये ३०० जुन्या १३० मिलिमीटर तोफांचे १५५ मिलिमीटरमध्ये रूपांतर करण्याचे काम आयुध निर्माणी मंडळाकडे सोपविण्यात आले आणि ‘शारंग’ या नावाने त्या तोफा पुन्हा दाखल होऊ लागल्या. त्यांचा पल्ला २७ किलोमीटरवरून ३६ किलोमीटरच्या पुढे गेला. असे प्रत्येक काम स्वतंत्रपणे पाहिले तर योग्यच वाटते. अडचण येते ती ही सगळी कामे एकाच थैलीतून करावयाची असतात तेव्हा. रणगाडादलाला इंजिन महत्त्वाचे, तोफखान्याला पल्ला महत्त्वाचा, वैमानिकाला रडार महत्त्वाचे. प्रत्येकाचे म्हणणे खरे असते आणि सगळ्यांचे एकदम मान्य करणे अशक्य असते.

या गोंधळात शिस्त आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. फोर्ड मोटार कंपनीचे अध्यक्षपद सोडून १९६१ मध्ये संरक्षणमंत्री झालेल्या रॉबर्ट मॅकनमारा यांनी रँड या संशोधनसंस्थेतून चार्ल्स हिच आणि अ‍ॅलन एन्थोवेन यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ आणले. कोणत्या सेनादलाने काय मागितले, यापेक्षा कोणत्या उद्दिष्टासाठी किती खर्च होतो आणि त्यातून काय साधते, असा प्रश्न त्यांनी विचारायला सुरुवात केली. नियोजन, कार्यक्रम आणि अर्थसंकल्प यांची सांगड घालणारी त्यांची पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली.

दुसरा टप्पा १९७० च्या दशकातला. गणितज्ञ थॉमस साटी यांनी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याशी संलग्न अशा शस्त्रनियंत्रण संस्थेत काम केले होते. तज्ज्ञ आणि वकील एकाच टेबलाभोवती बसूनही कशाला प्राधान्य द्यायचे यावर एकमत करू शकत नाहीत, हे त्यांनी तेथे पाहिले होते. त्यातून त्यांनी जी पद्धत विकसित केली तिचे तत्त्व अगदी घरगुती आहे. दहा वस्तूंचा क्रम एकदम लावणे माणसाला जमत नाही; परंतु दोन वस्तू समोर ठेवून यांतली कोणती अधिक महत्त्वाची आणि कितीने, हे त्याला सांगता येते. एक ते नऊ या मोजपट्टीवर अशा जोड्या-जोड्यांनी तुलना करून त्यांतून गणिताने प्रत्येक निकषाचे वजन काढायचे. १९८३ पासून ‘एक्स्पर्ट चॉईस’ या सॉफ्टवेअरद्वारे ही पद्धत संगणकावर उपलब्ध झाली.

संगणकाची गरज का भासावी, हे साध्या आकडेमोडीने कळते. दहा प्रस्तावांच्या ४५ जोड्या होतात, तर चाळीस प्रस्तावांच्या ७८०. एवढ्या तुलना करताना कोणाचाही गोंधळ उडतो. पहिली वस्तू दुसरीपेक्षा तिप्पट आणि दुसरी तिसरीपेक्षा दुप्पट महत्त्वाची असे सांगितल्यावर, पहिली तिसरीपेक्षा सहापट महत्त्वाची ठरायला हवी. प्रत्यक्षात तोच अधिकारी दुपारच्या जेवणानंतर ‘दुप्पट’ असे उत्तर देतो. सॉफ्टवेअर अशी विसंगती मोजते आणि ती दहा टक्क्यांच्या वर गेली की पुन्हा विचार करा, असे सुचवते.

याहून मोठा उपयोग वेगळाच आहे. समजा, हाती १००० कोटी रुपये आहेत आणि तीन प्रस्ताव आले आहेत. पहिल्याचा खर्च ६०० कोटी आणि उपयुक्तता ९० गुण, दुसऱ्याचा ५०० कोटी आणि ८० गुण, तिसऱ्याचा ५०० कोटी आणि ७५ गुण. गुणानुक्रमे वरून खाली जाणारी नेहमीची पद्धत पहिला प्रस्ताव मंजूर करील. उरलेल्या ४०० कोटींत दुसरे काहीच बसणार नाही आणि हाती ९० गुण पडतील. पहिला क्रमांक सोडून उरलेले दोन्ही घेतले, तर त्याच पैशात १५५ गुण मिळतात. म्हणजे प्राधान्ययादीतील पहिली वस्तू ही सर्वोत्तम संचात असेलच असे नाही. तीन प्रस्ताव असताना हे बोटांवर मोजता येते. दोनशे प्रस्ताव, पाच वर्षांचे हप्ते आणि एकमेकांवर अवलंबून असलेली कामे असली, की ते मानवी आवाक्याबाहेर जाते. नवी दुर्बीण बसवली पण नेमबाजीची संगणकप्रणाली जुनीच राहिली, किंवा निम्म्याच रणगाड्यांना नवे रेडिओ मिळाले, तर सगळा खर्च वाया जाऊ शकतो. असे परस्परसंबंध ध्यानात ठेवणे हे सॉफ्टवेअरचे खरे बलस्थान आहे.

सुटी मागणी न पाहता सगळा संच पाहिल्याने काय घडते, याचे बोलके उदाहरण अमेरिकी लष्कराने फेब्रुवारी २००४ मध्ये घालून दिले. कोमांची या नव्या टेहळणी हेलिकॉप्टरवर तोपर्यंत सुमारे ६.९ अब्ज डॉलर खर्च झाले होते. लष्कराने आपल्या सर्व हेलिकॉप्टरांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा २०११ पर्यंतच्या १४.६ अब्ज डॉलरमध्ये १२१ कोमांची मिळणार असल्याचे दिसले. तेवढ्याच पैशात सुमारे ८०० इतर नवी हेलिकॉप्टरे घेता येणार होती आणि ताफ्यातील १,४०० हेलिकॉप्टरांचे आधुनिकीकरण होणार होते. इराकमध्ये खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्रांनी हेलिकॉप्टरे पडत असताना संरक्षक यंत्रणा बसविण्याची निकड उघड होती. झालेल्या खर्चाचा मोह सोडून लष्कराने कोमांची रद्द केले.

तथापि, आकड्यांचा हा तराजू जितका उपयुक्त तितकाच फसवाही आहे. समजा, रणगाड्यासाठी रात्रदृष्टीची यंत्रणा आणि नवे इंजिन यांतून निवड करावयाची आहे. निकष दोन : सीमेवरील तातडी आणि रणगाड्याचे वाढणारे आयुष्य. रात्रदृष्टीला तातडीसाठी ९ व आयुष्यासाठी ४ गुण, तर इंजिनाला अनुक्रमे ५ व ९ गुण मिळाले. तातडीला ६० टक्के आणि आयुष्याला ४० टक्के वजन दिले, तर रात्रदृष्टी ७ गुणांनी ६.६ वर मात करते. दोन्ही निकषांना सारखे वजन दिले, की इंजिन ७ आणि रात्रदृष्टी साडेसहा. शस्त्रे तीच, गुण तेच. दहा टक्के वजन इकडचे तिकडे झाले आणि निकाल उलटला. हे दहा टक्के कोणी, कोणत्या बैठकीत आणि कशाच्या आधारे ठरवले? याचे उत्तर संगणक देत नाही. किंबहुना निकाल दशांश चिन्हासह छापून आल्यामुळे तो प्रश्न विचारायचाच राहून जातो.

पद्धतीच्या गणितातही खाचा आहेत. बेल्टन आणि गिअर या अभ्यासकांनी १९८३ मध्येच दाखवून दिले होते की, साटी यांच्या पद्धतीत आधीच्या एखाद्या पर्यायाची हुबेहूब नक्कल यादीत घातली, तर मूळच्या पर्यायांचा आपसातला क्रम बदलू शकतो. याचा अर्थ ज्याच्या हाती यादी आहे, त्याला यादी फुगवून निकाल वळवणे शक्य असते.

खुद्द मॅकनमारा यांचा अनुभव याहून बोधप्रद आहे. हवाई दल आणि नौदल या दोघांसाठी एकच लढाऊ विमान बनवले तर मोठी बचत होईल, असे हिशेब सांगत होते. नोव्हेंबर १९६२ मध्ये लष्करी निवड मंडळाचा कौल बोइंगकडे असताना मॅकनमारा यांनी जनरल डायनॅमिक्सचा आराखडा निवडला. त्याच्या दोन आवृत्त्यांत समान भाग अधिक होते, हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. नौदलाची आवृत्ती विमानवाहू नौकेसाठी फारच जड निघाली आणि १९६८ मध्ये ती रद्द झाली. समान भागांच्या निकषाला भरघोस वजन मिळाले. नौकेवर उतरता येण्याच्या निकषाला मिळाले नाही.

ब्रिटनच्या निम्रॉड विमानाची कथा माहितीच्या दर्जाविषयी आहे. समुद्रावर गस्त घालणाऱ्या २१ जुन्या निम्रॉडना नवे पंख, नवी इंजिने आणि नवी यंत्रसामग्री देण्याचा करार १९९६ मध्ये झाला. जुना सांगाडा वापरला म्हणजे खर्च वाचेल, हे गृहीतक होते. परंतु १९६० च्या दशकातील ते सांगाडे बव्हंशी हातांनी घडवलेले होते आणि एकाची मापे दुसऱ्याशी जुळत नव्हती. अचूक यंत्रांवर तयार झालेले नवे पंख त्यांना बसेनात. विमानांची संख्या घटत घटत नऊवर आली आणि तीन अब्ज पौंडांहून अधिक खर्चानंतर ऑक्टोबर २०१० मध्ये प्रकल्प गुंडाळण्यात आला. सांगाड्यांची मापे कोणी घेतलीच नसतील, तर जगातील कोणते सॉफ्टवेअर ती चूक पकडणार?

भारताचा धडा मिग-२१ च्या रूपाने डोळ्यांसमोर आहे. स्वदेशी हलके लढाऊ विमान येईपर्यंतचा पूल म्हणून १९९६ मध्ये १२५ मिग-२१ विमाने अद्ययावत करण्याचा निर्णय झाला. नवे रडार आणि नवी क्षेपणास्त्रे घेऊन ‘बायसन’ या नावाने ती नाशिकजवळील ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. शस्त्र म्हणून तो प्रयोग फसला, असे म्हणता येणार नाही. २००४ मध्ये ग्वाल्हेरच्या संयुक्त सरावात या विमानांनी अमेरिकी वैमानिकांनाही चकित केले. चुकले ते पुलाच्या लांबीचे गणित. १९८३ मध्ये मंजूर झालेल्या तेजसचे पहिले स्क्वाड्रन जुलै २०१६ मध्ये उभे राहिले. तेजसच्या सुधारित आवृत्तीची ८३ विमाने घेण्याचा करार फेब्रुवारी २०२१ मध्ये झाला. त्यांतील पहिली विमाने मार्च २०२४ पर्यंत अपेक्षित होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ ने अखेरचा निरोप घेतला, तेव्हा त्यांतले एकही हवाई दलाच्या हाती आलेले नव्हते. ४२ मंजूर स्क्वाड्रनांपैकी त्या दिवसानंतर २९ उरली. ‘नवे विमान अमुक वर्षी येणार’ ही एक नोंद चुकली, की तिच्यावर उभा असलेला अद्ययावतीकरणाचा सगळा क्रम कोसळतो. अशी तारीख एक ठाम आकडा म्हणून न धरता, ती पाच किंवा दहा वर्षांनी लांबली तर काय, याचे उत्तर संगणकाकडून आधीच मागून घेणे हा या प्रणालींचा सर्वांत शहाणा उपयोग होय.

दुसरी अडचण मागच्या लढाईची. जून २०२० मध्ये गलवानची चकमक झाली आणि लडाखच्या उंचीवर रणगाडे तैनात करावे लागले. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते. साहजिकच अश्वशक्तीचे महत्त्व वाढले. मे २०२५ मधील ऑपरेशन सिंदूरमध्ये संघर्ष ड्रोन, क्षेपणास्त्रे आणि हवाई संरक्षण यांचा झाला. रणगाड्यांची टक्कर झालीच नाही. त्या चार दिवसांत पाकिस्तानी ड्रोन पाडण्यात मोठा वाटा होता तो एल-७० या मूळ स्वीडिश बनावटीच्या, १९६० च्या दशकापासून सेवेत असलेल्या तोफांचा. भारत इलेक्ट्रॉनिक्सने त्यांना आधुनिक संवेदक आणि नेम साधणारी यंत्रणा बसवली होती. ड्रोनचा धोका कोणाच्या गणतीत नव्हता, अशा काळात तयार झालेल्या निकषयादीत ही म्हातारी तोफ तळाशीच राहिली असती. म्हणून एकाच भविष्याला अनुकूल असा क्रम शोधण्यापेक्षा, उंचीवरचे युद्ध, वाळवंटातील युद्ध, ड्रोनचे युद्ध अशा अनेक शक्यतांत बऱ्यापैकी उपयोगी पडणारे प्रस्ताव कोणते, हे शोधणे अधिक श्रेयस्कर ठरते.

मग भारताने काय करावे? यंत्रणा नाही, असे म्हणण्यास जागा नाही. डीआरडीओची प्रणाली-अभ्यास आणि विश्लेषण करणारी संस्था, ‘इस्सा’, दिल्लीत आहे आणि तिने तिन्ही दलांसाठी संगणकीय युद्धसराव तयार केले आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये संरक्षण दलप्रमुख, अर्थात सीडीएस, हे पद निर्माण झाले. अपेक्षित निधी लक्षात घेऊन तिन्ही दलांच्या भांडवली खरेदी प्रस्तावांचा आपसातील प्राधान्यक्रम ठरवणे, हे या पदाच्या अधिकृत कर्तव्यांमध्ये स्पष्टपणे लिहिलेले आहे. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या खरेदी कार्यपद्धतीने पंधरा वर्षांच्या जुन्या योजनेऐवजी दहा वर्षांची एकात्मिक क्षमताविकास योजना आणली. कागदावर चौकट पूर्ण आहे. परंतु जनरल बिपिन रावत यांच्या डिसेंबर २०२१ मधील अपघाती निधनानंतर हे पद नऊ महिन्यांहून अधिक काळ रिक्त होते आणि ३० सप्टेंबर २०२२ रोजी जनरल अनिल चौहान यांनी ते स्वीकारले, ही वस्तुस्थिती चौकट आणि व्यवहार यांतले अंतर सांगून जाते.

आपल्याकडील खरेदीची सवयही आड येते. किमान पात्रता गाठणाऱ्यांत ज्याची किंमत सर्वांत कमी, तो विजयी, हा नियम म्हणजे खरे तर एकाच निकषाला जवळपास शंभर टक्के वजन देणारे सॉफ्टवेअरच आहे. २०१६ च्या कार्यपद्धतीने अधिक चांगल्या कामगिरीसाठी जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत सवलतीचे गुण देण्याची सोय केली. ते पाऊल योग्य दिशेचे, पण छोटे होते. किमतीपलीकडचे वजन द्यायचे तर कोणीतरी ते ठरवावे लागते आणि ठरवणाऱ्याला उद्या चौकशीची भीती असते. सर्वांत स्वस्त निवडणाऱ्याला मात्र कोणी जाब विचारत नाही.

येथेच निर्णयसाहाय्य प्रणालीचा खरा लाभ दिसतो. तिने माणसाच्या जागी निर्णय घ्यावा, ही अपेक्षाच चुकीची आहे; तिने माणसाचा निर्णय लेखी करावा, एवढे पुरेसे आहे. त्यासाठी तीन पथ्ये पाळावी लागतील. पहिले, निकषांची वजने प्रस्तावांची नावे समोर येण्यापूर्वी ठरावीत आणि त्यांवर सह्या व्हाव्यात. दुसरे, प्रत्येक यादीबरोबर ती किती डळमळीत आहे याचा हिशेब जोडावा : वजने थोडी हलवली, तारखा लांबल्या, तरी कोणते प्रस्ताव वरच राहतात आणि कोणते गडगडतात? तिसरे, अंतिम निर्णय यादीहून वेगळा असेल, तर तो घेणाऱ्याने कारण नोंदवावे. सेनापतीचा अनुभव हाही पुरावाच असतो. पण तो कागदावर उतरलेला असावा. गोपनीयतेचा मुद्दा रास्त आहे. शस्त्रांचे तपशील उघड न करताही पद्धत, वजने आणि फरकाची कारणे स्थायी समितीला बंद दाराआड दाखवता येतात.

अमेरिकेतही हा वाद मिटलेला नाही. मॅकनमारा यांच्या काळातील नियोजनपद्धत संथ आणि ताठर झाली आहे, असा निष्कर्ष काढून काँग्रेसने नेमलेल्या आयोगाने मार्च २०२४ मध्ये तिच्या जागी नवी पद्धत आणण्याची शिफारस केली. आज बदलाची घाई करणाऱ्या देशांपुढे कृत्रिम बुद्धिमत्तेचा नवा मोह उभा आहे. जोड्यांच्या तुलनेत निदान वजने तरी दिसतात. स्वतःच शिकणाऱ्या यंत्राच्या पोटातली वजने दिसतही नाहीत. यंत्र जितके हुशार होईल, तितका ‘हे का?’ हा प्रश्न अधिक आग्रहाने विचारावा लागेल.

जुनाट सामग्री एका अर्थसंकल्पात नवी होणार नाही. कोणत्याही क्रमाने गेले तरी काही तुकड्यांना वाट पाहावी लागेल, आणि त्या वाट पाहण्याची किंमत सीमेवरचा जवान मोजेल. त्याला थांबवण्याचा निर्णय कधीकधी अटळ असतो. परंतु तो कोणत्या कारणाने आणि कोणाच्या सहीने झाला, हे नोंदलेले असणे हा त्याचा हक्क आहे. तराजू कितीही अचूक आणा. वजने टाकणारा हात दिसला पाहिजे.